कमी बजेटमधली दुनळी : मोहोळ तालुक्यातल्या एका खरेदीचं प्रकरण

मोहोळ तालुक्यात उजनीच्या कालव्याखाली साडेसात एकर जमीन. त्यात पाच एकर ऊस, उरलेल्यात मका आणि रब्बीला ज्वारी. वस्ती गावापासून दोन किलोमीटर आत, शेजारी हाक ऐकू येईल असं एकच घर. आजोबांच्या नावावर १२ बोअरची घोड्याची जुनी दुनळी बंदूक. शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ प्रमाणे परवानाधारकाने वयाची सत्तरी गाठली किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगलं, की तो हयातीतच वारसाचं नाव सुचवू शकतो. आजोबांनी नातवाचं नाव दिलं आणि स्वसंरक्षण व पीकसंरक्षणासाठी नातवाचा परवाना झाला. आता प्रश्न असा की जुनीच बंदूक वापरायची की दुसरी घ्यायची. दुरुस्तीसकट खर्चाची मर्यादा ४५,००० रुपये आणि अट एकच : दोन्ही नळ्या शेजारी-शेजारी असलेली दुनळीच हवी.

ही अट हट्टाची नाही, तिच्यामागे व्यवहार आहे. दुनळी मोडून उघडली की ती भरलेली आहे का रिकामी, हे घरातल्या कुणालाही दिसतं. दोन चाप, दोन स्वतंत्र यंत्रणा. एक बिघडली तरी दुसरी चालते. पंप ॲक्शनचा (पुढचं लाकूड मागे-पुढे ओढून भरायच्या एकनळीचा) सुटा भाग तुटला तर तो कारखान्याचाच लागतो, दुनळीची स्प्रिंग किंवा टोचा (काडतुसाच्या बुडावर आपटणारी पिन) चांगला कारागीर हाताने घडवून देतो. शिवाय मागे लांब यंत्रणा नसल्याने त्याच लांबीच्या नळ्या असूनही दुनळी एकूण आखूड आणि हलकी राहते.

युरोप-अमेरिकेत रानकोंबडे आणि तितरांमागे दिवसभर पायपीट करणारे शिकारी याच गुणांसाठी ही बंदूक निवडतात : फार वेळ हातात वागवायची, क्वचित उडवायची आणि उडवायची तेव्हा चटकन खांद्याला लागायला हवी. उसाच्या बांधावरून रात्रीची राखण करणाऱ्यालाही नेमकं हेच लागतं. साम्य तेवढंच. आपल्याकडे पक्ष्यांची शिकार हा विषयच उरलेला नाही. सोलापूरच्या माळावर एकेकाळी तितर आणि लाव्यांच्या शिकारी चालत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांवर बंधनं आली आणि त्याच कायद्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने त्या बंद झाल्या. उत्तर सोलापुरातलं नान्नज तर माळढोकासाठी राखलेलं अभयारण्य. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. उसात रानडुक्कर शिरलं तरी त्याला मारायला याच कायद्याच्या कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी लागते. परवान्यावर ‘पीकसंरक्षण’ लिहिलंय म्हणजे मोकळीक मिळाली, असा समज गावोगाव आहे आणि त्यातून चांगली माणसं गुन्ह्यात अडकतात.

बंदुका चार होत्या. आजोबांची, सोलापुरातल्या परवानाधारक विक्रेत्याकडची बर्मिंगहॅमची नक्षीदार, आपोआप काडतूस फेकणारी, बार्शीतल्या एका वयस्कर परवानाधारकाची साधी बेल्जियन, आणि भारतीय खासगी कारखान्याची कोरी दुनळी, ४२,००० रुपयांची.

आजोबांची बंदूक

नळ्या दमास्कस, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, घणाने एकजीव केलेल्या. अंगावर सुंदर वेल्हाळ नक्षी दिसते ती त्या पिळाची. नळीच्या सपाट पोटावर ‘नॉट फॉर बॉल’, म्हणजे एकसंध गोळीसाठी नाही, असा शिक्का. हा शिक्का ब्रिटिश प्रूफ हाउसं (बंदुका जादा दाबाने तपासणाऱ्या संस्था) १८७५ ते १८८७ या काळात चोक असलेल्या, म्हणजे तोंडाशी किंचित आवळलेल्या, नळ्यांवर मारत. नायट्रो प्रूफचा शिक्का कुठेही नाही. म्हणजे ही बंदूक काळ्या बारुदीसाठी तपासलेली आहे, आजच्या धूरविरहित बारुदीसाठी नाही.

फरक निव्वळ जोराचा नाही. काळी बारूद झटकन जळते आणि तिचा दाब नळीच्या जाड बुडातच चढून उतरतो. आधुनिक बारुदीचा दाब नळीत पुढेपर्यंत टिकतो, आणि पुढेच जुन्या नळीचं पोलाद पातळ असतं. वर पट्ट्यांच्या जोडात सव्वाशे-दीडशे वर्षांत मुरलेला गंज बाहेरून दिसत नाही. आजोबांनी तिच्यातून आधुनिक काडतुसं उडवली होती आणि काही झालं नाही, हे खरं. पण नळी फाटते तेव्हा डावा हात तिच्याखाली असतो. या बंदुकीचा निर्णय इथेच झाला : ठेवायची, पुसायची, जपायची, पण बार काढायचा नाही.

ती ठेवण्याचीही किंमत आहे. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका बाळगता येतात. आजोबांची एक आणि नवी एक, झाल्या दोन. पुढे तिसरीचा विचार करायचा तर यातली एक सोडावी लागेल. हे खरेदीआधीच घरात बोलून घेतलं, ते बरं झालं.

चकचकीत बर्मिंगहॅम

दुकानात हीच सगळ्यांत देखणी. बाजूच्या पट्ट्यांवर बारीक कोरीव काम, नळ्या काजळासारख्या काळ्याभोर, दस्त्याला ताजं पॉलिश. मागणी ६०,०००, घासाघीस करून ४८,०००. मर्यादेच्या किंचित वर, आणि बहुतेक गिऱ्हाईक इथेच विरघळतं.

आधी शिक्के वाचले. ‘.७२९’, ‘२½ इंच’ आणि ‘३ टन’. म्हणजे १९५४ नंतरचं नायट्रो प्रूफ, नळीचा मूळ व्यास .७२९ इंच, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, अडीच इंची, काडतुसांच्या भाषेत ६५ मिलिमीटर, आणि दाब चौरस इंचाला ३ टन. आता मोजमाप. ब्रिटिश नियमाप्रमाणे बुडापासून नऊ इंचांवर आतला व्यास मोजायचा. शिक्क्यावरच्या मापापेक्षा तो दहा थाउने (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे .०१० इंचाने वाढलेला निघाला तर ते प्रूफ बाद. बोअर गेजने उजवी नळी .७३६ भरली. डावी .७४२. तेरा थाउ जास्त. आतला गंज काढायला कुणीतरी डावी नळी घासून मोठी केली होती. आतून आरशासारखी चमकत होती ती याचमुळे. चमकणारी नळी म्हणजे चांगली नळी, हा समज इथे महागात पडतो. आतून घासलं की भिंत पातळ होते. भिंतीच्या जाडीला कायद्याची मर्यादा नाही, पण २० थाउ, म्हणजे सुमारे अर्ध्या मिलिमीटरखाली गेलेली नळी जाणकार हातात धरत नाहीत.

दुसरी खोट त्या काळ्या रंगात. दुनळीच्या दोन नळ्या आणि वरखालच्या पट्ट्या शिसं-कथलाच्या मऊ डाकाने जोडलेल्या असतात. जुन्या नळ्या पारंपरिक पद्धतीने गंज चढवून, उकळून, हळूहळू काळ्या करतात. त्याला दिवस लागतात. झटपट काम करायचं तर एकनळीसारखं कॉस्टिकच्या उकळत्या द्रावणात बुडवतात, आणि ते द्रावण हा डाक खातं. पट्टी वरून बसलेली दिसते, आत पोकळी धरते. तिथे ओलावा साठतो, गंज आतल्या आत चालत राहतो. ओळखायचं कसं? नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करून खालच्या आकड्याला बोटावर टांगायच्या आणि नखाने किंवा लाकडी पेन्सिलीने हलकेच टिचकी मारायची. डाक शाबूत असेल तर देवळातल्या घंटेसारखा लांबणारा नाद येतो. इथे थरथरता, फुटका आवाज आला. पट्टीच्या कडेला तेल लावून अंगठ्याने दाबलं तर फटीतून तेलाचे बुडबुडे वर आले.

विक्रेत्याचं म्हणणं, “मालक, कंपनी बघा, विलायती माल आहे.” माल विलायतीच होता. पण नाव नळीची भिंत जाड करत नाही.

याच बंदुकीत तिसरा आणि जास्त धोक्याचा मुद्दा लपलेला होता, तो चेंबरचा. हा सगळ्यांनी नीट समजून घ्यावा. काडतुसाच्या खोक्यावर छापलेली लांबी ही उडवल्यानंतरच्या, तोंड उलगडलेल्या नळकांड्याची असते. ७० मिलिमीटरचं कोरं काडतूस तोंडाशी दुमडलेलं असतं, त्यामुळे ते ६५ च्या चेंबरमध्ये सहज बसतं, बंदूक मिटते, काहीच अडत नाही. बार होताना मात्र दुमड उलगडून पुढच्या निमुळत्या भागात घुसते, छर्ऱ्यांची वाट आवळते आणि दाब चढतो. एकदा-दोनदा काही दिसणार नाही. पण सांधा ढिला होतो, दस्ता तडकतो, पातळ नळी फुगते. काडतूस बसलं म्हणजे चाललं, हे खरं नाही. आपल्याकडे दोन्ही लांबीची काडतुसं विकली जातात. ६५ ची बंदूक घेतली तर पुढची वीस वर्षं प्रत्येक खोकं वाचून घ्यायचं, आणि दुकानात ७० चीच असतील तेव्हा हात हलवत परत यायचं. चेंबर कोरून ७० करून देणारे भेटतात. त्याने नेमक्या सर्वाधिक दाबाच्या जागी भिंत पातळ होते, आणि तशा बंदुकीला नव्याने प्रूफ लागतं. ती सोय सोलापुरात नाही.

कोरी भारतीय

हिची शक्यता गंभीरपणे तपासली, कारण कोऱ्या मालाला कागदपत्रं सोपी आणि चेंबर ७० चा. सांधा घट्ट, नळ्यांच्या भिंती भरपूर जाड. हाच तिचा दोषही. वजन ३ किलो ४०० ग्रॅम, आणि बरंचसं पुढे. जुने बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांचा ठोकताळा आहे की बंदुकीचं वजन छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावं. ३२ ग्रॅम छर्ऱ्यांना सुमारे ३ किलो ७० ग्रॅम पुरतात. त्यावर दर शंभर ग्रॅम बांधावर जाणवतात.

मोठा प्रश्न चापाचा निघाला. माशांच्या स्प्रिंग काट्याने ओढून पाहिलं तर पुढचा चाप चार किलोला सुटला, मागचा त्याहून जड. चांगल्या दुनळीत पुढचा साधारण दीड ते पावणेदोन किलोला आणि मागचा थोडा जास्त असतो. चार किलोचा चाप ओढताना नळीचं तोंड खाली जातंच. तो कमी करता येतो, पण खाच घासणारा हात कच्चा असेल तर बंदूक आपटली तरी उडायला लागते. वाईट बंदूक नव्हती. पहिलीच बंदूक घेणाऱ्याला, जवळ जाणकार कुणी नसेल तर, हीच घ्या असं सांगता येईल.

बार्शीची बेल्जियन

साधी बॉक्सलॉक (यंत्रणा मधल्या धातूच्या पेटीतच बसवलेली), कोरीव काम जवळपास नाही, काडतूस आपोआप फेकत नाही, फक्त वर उचलून देते. मागणी ३२,०००. मालकाची मुलं पुण्यात, कुणालाच नको.

“अण्णा, नळ्या खोलून बघू का?”

“बघा की. लपवायला काय आहे त्यात.”

पोटावर बेल्जियममधल्या लीएजच्या प्रूफ हाउसचा मुकुटाखालचा ‘ईएलजी’ शिक्का, उभा सिंह आणि खाली ‘पीव्ही’, म्हणजे धूरविरहित बारुदीचं प्रूफ; आणि ‘१२-७०’. चेंबरचा प्रश्न मिटला. तरी शिक्क्यावर विसंबून न राहता नळीच्या तोंडाकडून बॅटरी धरली; चेंबर संपतो तिथे सावलीचं कडं दिसतं, तिथपर्यंत मोजपट्टी घालून ७० ची खात्री केली.

मग नळ्या ट्यूबलाइटकडे धरून आत पाहिलं. सरळ नळीत उजेडाच्या रेषा तोंडापर्यंत अखंड गोल जातात. पोचा असेल तिथे कडं चेपतं, फुगा असेल तिथे काळी अंगठी दिसते. अंगठी दिसली तर बंदूक खाली ठेवायची, त्यावर बोलणं नको. इथे अंगठी नव्हती. डाव्या नळीत तोंडापासून वितीवर उथळ पोचा होता आणि चेंबरपुढे सुईच्या टोकाएवढे गंजाचे ठिपके, बोटाला न लागणारे. टिचकीचा नाद स्वच्छ.

सांध्याची परीक्षा करताना पुढचं लाकूड काढून टाकायचं, कारण ते सांध्याला ताणून धरतं आणि ढिलाई झाकतं. मिटलेली बंदूक नळ्यांना धरून दस्ता डावी-उजवीकडे हलवायचा. मग नळीचं बूड आणि मागची भिंत यांच्यात उजेड दिसतो का पाहायचं, सिगारेटचा पातळ कागद ठेवून मिटून ओढायचा. कागद अडकला. उघडण्याची कळ मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे थांबत होती, म्हणजे अजून झीज शिल्लक होती. मध्य ओलांडून डावीकडे गेलेली कळ म्हणजे खिट्टी खाल्ली गेलेली. आकड्याभोवती पंचचे ठिपके किंवा पितळेची पत्री नव्हती. ढिली बंदूक विकण्याआधी चार दिवस घट्ट करायचे हे दोन नेहमीचे उपाय आहेत, म्हणून ती जागा भिंगातून पाहावी. स्क्रूच्या खाचाही पाहाव्यात. त्या कुरतडलेल्या असतील तर आत अडाण्याचा हात गेलाय. इथे सगळ्या खाचा सरळ, कडा धारदार.

डमी काडतुसं घालून सेफ्टी सोडली आणि दस्त्याचा तळ सतरंजीवर दोन-चारदा आपटला; दोन्ही बाजू चढलेल्याच राहिल्या. पुढचा चाप ओढून मागचा सुटत नाही ना, तेही पाहिलं. बॉक्सलॉकची सेफ्टी फक्त चाप अडवते, आतला घोडा धरून ठेवणारा पकडा नाही. म्हणून झिजलेला पकडा धक्क्याने सुटला तर सेफ्टी लावलेली असूनही बार होतो. ही चाचणी वगळू नये.

दस्त्यात खोट होती. धातूला लाकूड भिडतं तिथे, मागच्या जिभेशी दोन सेंटिमीटरची तड. बंदूक वर्षानुवर्षं तोंड वर करून उभी ठेवल्याने तेल खाली उतरून लाकूड काळं, मऊ पडलेलं. त्यात सोलापूरचा चाळिशीपारचा उन्हाळा. लाकूड आकसलं, स्क्रू सैल झाले, धक्का सगळ्या पृष्ठभागावर न बसता एका कोपऱ्यावर बसला आणि तड गेली.

लांबी मोजली. पुढच्या चापापासून दस्त्याच्या तळाच्या मध्यापर्यंत १४¼ इंच. घेणाऱ्याची उंची साडेपाच फुटांखालची, त्याला १४ पुरे. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे. पट्टीवरून सरळ माशी दिसली तर बसते, पट्टीचं पाठाड दिसलं तर दस्ता उंच, मागची भिंतच दिसली तर खोल. इथे सरळ दिसली. पाव इंच कमी करायला तळ कापायचा नाही असं ठरलं, कारण हिवाळ्यात जाड जर्किन नसेल तर एवढी लांबी अडत नाही. वजन ३ किलो ५० ग्रॅम.

व्यवहार ३०,००० ला ठरला. दोन परवानाधारकांत थेट विक्री करायची तर शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. तोवर बंदूक बार्शीलाच. पैसे पूर्ण देऊन ‘कागद मागून करू’ म्हणणारे यातच अडकतात. इथे ५,००० इसार दिला, पोहोच घेतली आणि त्या पत्राची शिक्का मारलेली प्रत घरी ठेवली. शहरात परवान्याचं काम पोलीस आयुक्तालयाकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. कुठल्या खिडकीवर जायचं हे परवाना कुणी दिलाय त्यावर ठरतं.

नाव चढल्यावर दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडून. पोचा आतून मापाचा पितळी गट्टू घालून बाहेरून हलक्या ठोक्यांनी उचलला, २,५०० रुपये. घरी लोखंडी सळी घालून पोचा काढायचा प्रयत्न करतात, त्याने आत ओरखडे आणि बाहेर टेंगूळ येतं. दस्त्याचं डोकं आधी तेल शोषून घ्यायला खडूच्या भुकटीत ठेवलं, मग तडीत इपॉक्सी भरून पितळी पिन घातली; तेलकट लाकडाला इपॉक्सी धरत नाही, हे विसरलं की तीच तड दोन महिन्यांत परत येते. त्याचे २,०००. दोन्ही टोचे आणि त्यांच्या स्प्रिंगा नव्या, १,८००. एकूण ३६,३००.

पॅटर्नची, म्हणजे छर्रे किती दाट पसरतात याची, चाचणी मान्यता असलेल्या रेंजवर, ३६ मीटरवरून, चार फुटी कागदावर. सगळ्यांत दाट भागाभोवती ७५ सेंटिमीटरचं वर्तुळ काढून आतली भोकं मोजायची. ब्रिटिश मापाचे ६ नंबरचे छर्रे औंसाला साधारण २७० भरतात, म्हणजे १⅛ औंसाच्या काडतुसात सुमारे ३०४. उजवीने वर्तुळात १७० टाकले, ५६ टक्के. डावीने २०५, ६७ टक्के. म्हणजे उजवी पाव ते अर्धा चोक, डावी पाऊण. वस्तीवरच्या कामाला उजवी आधी. १५ मीटरवर दोन्ही नळ्यांचे पुंजके एकमेकांवर पडले, हे जास्त महत्त्वाचं. दुनळीच्या नळ्या एकमेकींकडे किंचित झुकवून जोडलेल्या असतात आणि तो झुकाव चुकला तर दुरुस्ती जवळपास नाहीच.

पुढची निगा इथल्या हवेला धरून. उन्हाळ्यात दस्त्यावर जवसाच्या तेलाचे दोन थेंब तळहाताने चोळायचे, जास्त नाही. पावसाळ्यात नळ्यांत शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात, दर आठवड्याला कोरडं फडकं. चामड्याच्या पेटीत बंदूक मुक्कामाला ठेवायची नाही, चामडं ओल धरतं आणि नळीवर तांबेरा उठतो. कुलुपाच्या कपाटात तोंड खाली करून उभी, काडतुसं वेगळ्या कुलुपात.